पारोळा रोडच्या पेंटर काकांना, पोरीच्या सायकलीबद्दल

काका, नमस्कार.

तुम्ही मोबाईल फारसा बघत नाही हे माहितीये, तुमचा मुलगा वाचून दाखवेल असं धरून लिहितेय. आणि सगळ्यांसमोर अशासाठी लिहितेय की शाळा सुरू व्हायच्या या दिवसांत आपल्याकडे पोरांना नव्या सायकली घेणारे खूप असतात, तुम्ही मला जे दाखवलं ते त्यांच्याही कामाचं आहे.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले तेव्हा आबांनी नातीच्या हातात सायकलीचे पैसे ठेवले. कापसाचे पैसे, भाव येईल येईल म्हणून घरात साठवलेला कापूस शेवटी काढला त्यातले, म्हणजे त्या पैशाला आमचा सगळ्यांचा जीव लागलेला. पोरीने मोरपंखी रंग पसंत केला, मॅट फिनिश, दुकानात ट्यूबलाईटखाली एकदम झकास दिसत होती. देवपूरला घरी आणून ओट्यावर उन्हात उभी केली, आमच्या ह्यांनी चष्मा लावला आणि बाजारात वांगी निवडावीत तशी ती सायकल उलटीपालटी करून बघितली, मग एकेक निघत गेलं. वरच्या दांड्यावर रंगाखाली कचरा अडकून आलेला दाणा, खालच्या नळीच्या पोटाला रंगाचा ओघळ सुकलेला, चिमट्याचा (पुढचं चाक धरतो तो) रंग फ्रेमपेक्षा किंचित फिका, स्टिकरखाली हवेचा फुगा, मागच्या चाकाजवळ चेनच्या बाजूला चांगला करंगळीएवढा ओरखडा आणि आतून चकचकीत लोखंड दिसतंय. आणि हँडलखाली जिथे दोन नळ्या जोडल्यात तिथे एक बारीक केसासारखी रेघ. पोरगी रडायलाच लागली. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणे ताई रंगाला वॉरंटी नसते, चालवली की ओरखडे पडणारच. अरे पण चालवलीच कुठेय अजून!

म्हणून तुमच्याकडे आले होते, पूर्ण फ्रेम नव्याने रंगवून द्या म्हणून. पैसे द्यायलाही तयार होते. दुसरा कुणी असता तर हो म्हणून सायकल ठेवूनच घेतली असती, तुमच्याकडे तेव्हा दोन ट्रकच्या केबिन आणि एक पिकअप उभी होती, त्यात एक सायकल काय जड होती. तुम्ही हातातला पाणी पेपर (रंग घासायचा पॉलिश पेपर) बाजूला ठेवला, हात पुसले, सायकल सावलीतून उन्हात घेतली आणि बघून म्हणालात, "माय, हाई रंगनी चूक शे, सायकलनी नही. कसाले पैसा वाया घालस?"

खरं सांगू, तेव्हा मला थोडा रागच आला होता, वाटलं छोटं काम म्हणून टाळताय. मग तुम्ही समजावलंत ते मी घरी येऊन ह्यांना जसंच्या तसं सांगितलं. फॅक्टरीत पावडर कोटिंग करतात तेव्हा रंगाची सुकी पावडर विजेच्या भाराने फ्रेमला चिकटवतात आणि मग भट्टीत १८० ते २०० डिग्रीला भाजतात, म्हणून तो रंग इतका टणक बसतो. तुमच्याकडे रंग फवारायची गन आणि कॉम्प्रेसर आहे पण भट्टी नाही, आणि "ऊन कितलं बी तपो, भट्टी ती भट्टीच" हे तुमचं वाक्य तर आमच्या घरात आता रोज कुणी ना कुणी म्हणतं. पूर्ण रंगवायची म्हणजे आधी चाकं, चिमटा, पायडल, ब्रेकच्या वायरी सगळं खोलायचं, पेपर मारायचा, प्रायमर, मग रंग, वर क्लिअरचा पारदर्शक हात, स्टिकर तर गेलेच, आणि पायडलच्या एक्सलच्या आट्यात किंवा हँडलच्या छर्ऱ्यांच्या वाटीत रंग शिरला की नवी सायकल करकर करणार. एवढं करून हातात काय, तर फॅक्टरीपेक्षा कच्चा रंग.

दाण्याला आणि ओघळाला रबिंग कंपाउंड (घासून चकचकीत करायची पेस्ट) मारून द्या म्हटलं तर त्यालाही नाहीच म्हणालात. चकचकीत रंग असता तर बारीक पेपरने दाणा बसवून पॉलिश करता आला असता पण मॅटला घासलं की तेवढाच तुकडा चमकतो आणि मग तो दाण्यापेक्षा लांबून दिसतो. हे मला खरंच माहीत नव्हतं, आणि लोक तर मॅट गाड्यांना सर्रास वॅक्स पॉलिश मारत बसतात. फिक्या चिमट्याचंही कारण सांगितलंत, चिमटा आणि फ्रेम वेगवेगळ्या खेपेत रंगून येतात, एखाद्या खेपेत छटा जरा इकडेतिकडे होते, ताकदीशी त्याचा काही संबंध नाही. मागच्या चाकाच्या नटखाली रंग चेंगरलाय ते तर प्रत्येक सायकलीला होणारच, नट आवळला की वायसर रंगाला चावतो.

पण ती केसासारखी रेघ बघितल्यावर तुम्ही बोलायचे थांबलात, ते मला आवडलं. आधी ओल्या फडक्याने पुसली, मग मोबाईलचा टॉर्च आडवा धरून बघितली, नख फिरवलं. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली आणि रेघ उघडते का ते पोरीलाच बघायला लावलं, कारण तिचे डोळे तुमच्यापेक्षा चांगले. उघडत नव्हती. वेल्डिंगच्या कडेला रंग जाड साचून सुकताना तडकलाय असं तुम्ही म्हणालात, तरी नुसत्या अंदाजावर सोडलं नाही, पेन्सिलने रेघेच्या दोन्ही टोकांना खूण केली आणि सांगितलं की महिनाभर चालवू दे, रेघ खुणेच्या पुढे गेली किंवा तिच्यातून गंजाचं पाणी उतरलं तर त्या दिवशी सायकल चालवायची बंद, सरळ दुकानात न्यायची, कारण रंगाला वॉरंटी नसली तरी फ्रेम तडकली तर ती कंपनीची जबाबदारी. घरी येऊन कार्ड शोधलं, खरंच बारीक अक्षरात तसंच लिहिलंय. दुकानदाराने फोनवर पहिलं अर्धं तेवढं सांगितलं होतं.

आणि ते लोहचुंबक! गाडीच्या दरवाज्यात पुट्टी किती भरलीय ते बघायला तुम्ही खिशात ठेवता ना, तेच फ्रेमला लावलं, खट्कन चिकटलं. म्हणालात लोखंड आहे, म्हणजे बाकी सगळं राहू दे पण मागचा ओरखडा बुजवायलाच पाहिजे, पावसाचं पाणी लागलं की तिथून गंज रंगाखाली सरकत जातो. रिमला लावलं तर चिकटलं नाही, ती ॲल्युमिनियमची. पोरगी त्यानंतर घरातल्या प्रत्येक भांड्याला चुंबक लावत फिरली.

ओरखड्याचं काम तुम्ही किती निवांत केलंत काका. फक्त ओरखड्याच्या आत पेपरची घडी फिरवली, बाजूच्या रंगाला धक्का नाही. काडेपेटीच्या काडीच्या टोकाने प्रायमर भरला. तो वाळेपर्यंत बाटलीच्या झाकणात निळा, हिरवा, चिमूटभर काळा असं करत करत मोरपंखी जमवला, वाळल्यावर रंग गडद होतो म्हणून मुद्दाम जरा फिका ठेवला, त्यात चमक कमी करायचं काहीतरी घातलं आणि पातळ पातळ हात दिले, एक वाळला की दुसरा. मी मध्ये घाई केली तर म्हणालात जाड थेंब ठेवला तर तो वरून वाळतो नि आत ओला राहतो. जवळून बघितलं तर कळतं तिथे काम झालंय, तेही तुम्ही आधीच सांगितलं होतं, की टचअप दिसणारच, गंज थांबवायला करतोय. ब्रेकची वायर जिथे फ्रेमला घासते तिथे पारदर्शक टेप लावून दिली, ती तर आमच्या डोक्यातही नव्हती. पुढे कुठे टवका उडाला आणि तुमच्याकडे यायला जमलं नाही तर जागा पुसून कोरडी करून तात्पुरती नेलपॉलिश लाव म्हणालात, तेव्हापासून पोरीने सायकलीच्या नावाने एक बाटली माझ्याकडून वसूल केलीये.

तुम्ही पैसे घेतलेत तेही बरं केलंत, बरेच लोक अशा वेळी राहू द्या म्हणतात आणि मग परत जायला संकोच वाटतो. जेवढं काम तेवढेच घेतले, पूर्ण रंगाचे घेतले असते तरी मला कळलंही नसतं.

वाचणाऱ्या बाकीच्यांना माझ्याकडून एवढंच, सायकल घेताना दुकानातून बाहेर उन्हात काढायला लावा, लाजू नका. वेल्डिंगच्या जागा आणि खालच्या बाजू बघा, वरचे दाणे-ठिपके सोडून द्या. खोक्यातून काढून जोडताना पडलेला ओरखडा असेल तर तिथेच बिलावर लिहून घ्या, घरी गेल्यावर कुणी विचारत नाही.

पोरीने वाढदिवसाला मिळालेला स्टिकर त्या फुग्याच्या स्टिकरवर चिकटवलाय, त्यामुळे ते प्रकरणही मिटलं. रेघ पेन्सिलच्या खुणांच्या आतच आहे, दर रविवारी ती स्वतः बघते आणि मला रिपोर्ट देते. पाऊस लागायच्या आधी एकदा दाखवायला आणतेच, खुणा पुसट झाल्यात, परत करून द्या. आणि माझी नणंद पुढच्या आठवड्यात तिची स्कूटी घेऊन येईल, पुढचं मडगार्ड घासलंय, तिलाही पूर्ण रंगवूनच पाहिजे. तिला तुम्हीच समजवा, माझं ती ऐकत नाही.

तुमची,
मोरपंखी सायकलवाली ताई, देवपूर