रिकामा पॅच लावलेल्या 118 मुलांच्या आईबाबांना

सप्रेम नमस्कार.

शेंगदाण्याची ॲलर्जी सैल करू पाहणाऱ्या, त्वचेवर चिकटवायच्या औषधी पॅचची जी ‘एपिटोप’ नावाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष मे 2023 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आले, तेव्हा जिकडेतिकडे एकच आकडा फिरला: 67 टक्के. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या 1 ते 3 वर्षांच्या 244 मुलांच्या पाठीवर वर्षभर रोज खरा पॅच लागला आणि त्यांतली 67 टक्के मुलं ठरलेल्या कसोटीला उतरली. हे पत्र मात्र उरलेल्या 118 घरांसाठी आहे. तुमच्या वाट्याच्या पॅचमध्ये शेंगदाणा नव्हताच. कष्ट मात्र तेवढेच होते. आणि तुमच्या मुलांचा 33.5 टक्के हा आकडा शेजारी नसता, तर 67 मधलं पॅचचं श्रेय किती हे कुणालाच सांगता आलं नसतं.

खऱ्या पॅचमध्ये तरी असतं किती? शेंगदाण्याचं 250 मायक्रोग्रॅम प्रथिन, म्हणजे साधारण एका दाण्याचा हजारावा भाग, पातळ फिल्मवर कोरडं बसवलेलं. पॅच चिकटला की आतली जागा बंद होते, त्वचेतून सतत निघणारी ओल तिथे साठते, प्रथिन विरघळतं आणि त्वचेच्या वरच्या थरात उतरतं. तिथल्या लँगरहान्स पेशी, म्हणजे त्वचेतल्या रोगप्रतिकारक पेशी, ते उचलून लसिका गाठींकडे नेतात. हे सगळं कडा नीट चिकटलेल्या असण्यावर अवलंबून आहे. कड सुटली की ओल उडते आणि औषध फिल्मवरच राहतं. याच पॅचचा 4 ते 11 वर्षांच्या मुलांसाठीचा अर्ज अमेरिकेच्या औषध नियामकाने 2020 मध्ये अडवला, त्यामागेही पॅच नीट न चिकटण्याचीच शंका होती.

म्हणून रोजच्या त्या पाच मिनिटांचे आभार आधी. दोन खांद्यांच्या मधली जागा निवडायची, कारण तिथे चिमुकले हात पोचत नाहीत. त्वचा स्वच्छ आणि पूर्ण कोरडी हवी. तेल किंवा क्रीम लागलेल्या जागी पॅच तासाभरात सरकतो. एक्झिमा उमटलेली किंवा खरचटलेली जागा टाळायची, कारण फाटलेल्या त्वचेतून प्रथिन नको तितकं आत जाऊ शकतं. कालची जागा आज सोडायची. कडा बोटाने दाबून बसवायच्या. काढलेला पॅच चिकट बाजू आत घेऊन दुमडायचा, मुलाच्या हाती लागणार नाही असा टाकायचा आणि मग हात धुवायचे, कारण काढलेल्या पॅचवरही प्रथिन उरतं. आपला पॅच खरा की रिकामा हे ठाऊक नसल्याने तुम्हाला यातलं काहीच ढिलं सोडता येत नव्हतं. लाली आणि खाज नुसत्या चिकटपट्टीनेही येते, तेव्हा पाठीकडे पाहून ओळखायचीही सोय नव्हती.

त्याहून अवघड काम, मूल किती शेंगदाणा सोसतं हे पाहायला खाऊ घालून करायच्या चाचणीचं. आधी अँटीहिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीची लक्षणं दाबणारं औषध, बंद ठेवायचं, मूल ताप-खोकल्याशिवाय हवं. मग दोन वेगळे दिवस: एका दिवशी घासात शेंगदाण्याचं प्रथिन, दुसऱ्या दिवशी नाही, आणि कोणता दिवस कोणता हे खोलीत कुणालाच माहीत नाही. डोस 1 मिलिग्रॅमपासून 3, 10, 30, 100, 300 असे चढत जातात. वर्षअखेरीच्या चाचणीत पुढे 1000 आणि 2000. दर दोन डोसांमध्ये वाट पाहायची. दीड वर्षाचं मूल ‘घशात खाज सुटली’ असं सांगत नाही. ते कान ओढतं, जीभ चोळतं, खेळता खेळता एकदम गप्प होऊन कुशीत शिरतं. नुसतं तोंड फिरवणं मात्र लक्षण नव्हे. चव नकोशी झाली म्हणूनही मुलं घास थुंकतात. हा फरक आईबाबांइतका कुणाला कळत नाही, आणि तो कळला नाही तर सबंध चाचणीचा आकडा चुकतो. हे दोन दिवस तुम्ही सुरुवातीला दिले आणि वर्षाअखेरीला पुन्हा दिले.

कसोटी अशी होती: सुरुवातीला 10 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी प्रथिनाला ज्यांचं अंग उठत होतं, त्यांनी निदान 300 पर्यंत पोचायचं, बाकीच्यांनी निदान 1000 पर्यंत, म्हणजे तीन-चार दाण्यांपर्यंत. रिकाम्या पॅचवर तुमच्या मुलांपैकी तिसरा हिस्सा तिथे पोचला. एवढ्या लहान वयात काहींची ॲलर्जी आपोआप सैल होते, शिवाय एकाच मुलाची सोसण्याची मर्यादा झोप, आजारपण यांप्रमाणे वरखाली होते. 4 ते 11 वर्षांच्या मुलांच्या चाचणीत जवळपास याच निकषांवर रिकाम्या पॅचच्या गटात फक्त 13.6 टक्के मुलं पोचली होती. तोच आकडा इथे उसना घेतला असता, तर पॅचचा गुण उगाच फुगून दिसला असता.

धोक्याचा हिशेबही तुमच्यामुळेच लागला. ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतू शकणारी तीव्र ॲलर्जी, खऱ्या पॅचच्या गटात 7.8 टक्के मुलांना झाला, तुमच्या गटात 3.4 टक्के मुलांना. म्हणजे वर्षभरात अशा प्रसंगांपैकी काही पॅचविनाही घडतातच. पॅचशी थेट संबंध जोडला गेला तो 1.6 टक्क्यांत. वर्षभर ॲड्रेनालिनचं इंजेक्शन जवळ ठेवणं आणि शेंगदाणा कटाक्षाने टाळणं तुम्ही सोडलं नाहीत, म्हणून ही तुलना खरी ठरते. कुणी ‘आता पॅच आहेच’ म्हणून चव देऊन पाहिली असती, तर तो प्रसंग भलत्याच खात्यात गेला असता.

पुढे मुख्य चाचणी संपल्यावर तुमच्या मुलांनाही खरा पॅच घेता आला. पहिल्यापासून खरा पॅच लावणाऱ्या ज्या मुलांनी पुढे चालू ठेवलं, त्यांच्यापैकी 24 महिन्यांनी 81.3 टक्के मुलं 1000 मिलिग्रॅमपर्यंत पोचली. हा आकडा आम्ही जरा हात राखून सांगतो. त्याच्याशेजारी मांडायला आता तुमचा गट नाही, कारण तुमची मुलंही तोवर खऱ्या पॅचवर होती. ती तशी असायलाच हवी होती.

आपले,
लहान मुलांच्या ॲलर्जीचं काम करणारे आम्ही