छाटलेल्या काड्या ट्रॉलीत भरून नेऊ नका, आम्हाला द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस लागला की बगीच्यांची, डिव्हायडरवरच्या झाडांची, कॉलन्यांमध्ये कंपाउंडच्या बाहेर आलेल्या फांद्यांची छाटणी सुरू होते आणि ट्रॉल्याच्या ट्रॉल्या भरून काड्या कचऱ्यात जातात. जास्वंद, बोगनवेल, मोगरा, चांदणी, अकॅलिफा, सगळं एकावर एक. आणि त्याच आठवड्यात लोक नर्सरीत जाऊन हीच झाडं काळ्या पॉलिथिनच्या पिशवीत पैसे देऊन विकत आणून राहिले. काऊन बाप्पा? यातल्या बहुतेक काड्या घरी मातीच्या कपात फुकटात लागतात, म्हणजे मुळं धरतात, म्हणून हे पत्र.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा काडी लावणं म्हणजे ती वाळवणंच. काडीला मुळं नसतात, पाणी ओढायला काही नाही आणि पानांतून मात्र ते उडतच असतं. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतच इतका ओलावा असतो की अर्धं काम तीच करते. गुलाबाचं तेवढं वेगळं, तो थंडीत, नोव्हेंबरनंतर लावलेला बरा, पावसात त्याची काडी खालून काळी पडते.

कप कशाचा, यावरच सगळं अडतं. चहाचे कागदी कप लोक वापरतात, पण त्यांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, तो मातीत तसाच राहतो. प्लास्टिकच्या कपांवर आपल्या राज्यात २०१८ मध्ये आणि देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, तरी लग्नाकार्यात दिसतातच, तो विषय वेगळा. तंदूर चहाचं कुल्हड चांगलं दिसतं पण ते भाजलेलं असतं, मुळं त्यातून बाहेर येत नाहीत आणि ते मातीत विरघळतही नाही. आपल्याला पाहिजे कच्चा कप.

तो असा करायचा. आपली काळी माती दोन भाग, शेण एक भाग आणि मूठभर बारीक कुटार (भुसा), एवढं चांगलं मळून घ्यायचं. कुटार नाही टाकलं तर काळी माती वाळताना तडकते, हे विदर्भातल्या माणसाला सांगायची गरज नाही, उन्हाळ्यात वावराला पडलेल्या भेगा आपण बघतोच. मग स्टीलच्या पेल्याला बाहेरून तुमच्याच पेपरचं ओलं पान गुंडाळायचं (रागावू नका, वाचून झालेलं), त्यावर बोटभर जाडीचा मातीचा थर थापायचा, खाली करंगळीनं भोक पाडायचं, पेला हळूच फिरवून काढून घ्यायचा आणि कप सावलीत वाळू द्यायचे. उन्हात ठेवले की तडकलेच समजा. घरात पोट्टे असतील तर हे काम त्यांना द्या, मोबाईलची आठवण होत नाही त्यांना, निदान तेवढा वेळ तरी.

कपात भरायला मात्र नुसती काळी माती घेऊ नका. ती पाणी धरून ठेवते, मग काडीच्या बुडाला हवा मिळत नाही आणि ती सडते. रेती, शेणखत आणि माती सारखी सारखी घ्यायची, म्हणजे मूठ दाबून सोडली की गोळा मोडला पाहिजे.

काडी पेन्सिलएवढी जाड, सहा ते आठ इंच, तीन-चार डोळे (पान फुटतं त्या गाठी) असलेली. फुलावर आलेला शेंडा नको. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरपा द्यायचा आणि वरचा सरळ. हे दिसायला बरं म्हणून नाही, खालची बाजू कोणती ते समजावं म्हणून. मुळं फुटायला लागणारं ऑक्सिन नावाचं द्रव्य शेंड्यापासून बुडाकडे जातं आणि तिथे साठतं, त्यामुळे उलटी लावलेली काडी सहसा लागत नाही. खालची पानं काढून टाका, वर दोन ठेवा, मोठी असली तर अर्धी कापा. युट्यूबवर मध, दालचिनी, हळद, कोरफड असं पूर्ण स्वयंपाकघर काडीला लावून राहिले लोक. करायचं त्यांनी करावं, माझं मत असं की जास्वंद, पानओवा, तुळस, मनीप्लांट यांना यातलं काहीच लागत नाही. बोगनवेलीसारखी काडी हट्टी असते, तिला कृषी केंद्रात मिळणारी रूटिंग पावडर चिमूटभर लावली तर फायदा होतो.

आता कूलर. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की आपण कूलर उतरवतो आणि वर्षभर तो जागा अडवून बसतो. त्याची रिकामी टाकी या कपांसाठी एकदम बेस्ट. खाली जुन्या पॅडची गवताची जाळी अंथरायची, ती ओली करायची, त्यावर कप मांडायचे आणि वरून पारदर्शक प्लास्टिक ढिलं टाकायचं, आतली हवा दमट राहते. हे सगळं सज्जात किंवा शेडखाली ठेवायचं, कारण कच्च्या कपावर सरळ पाऊस पडला की त्याचा चिखल झालाच. पाणी शिंपडून द्यायचं, ओतून नाही. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. एक, कूलरमध्ये उरलेलं पाणी काड्यांना घालू नका, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, पॅडवर पांढरा थर दिसतो तो तोच. दुसरं, टाकीत पाणी साचू देऊ नका, नाहीतर काड्या लागायच्या आधी डेंग्यूचे डास होतील, आपल्या शहराला ते नवीन नाही.

लोक इथेच फसतात की चार दिवसांत पालवी दिसली की काडी लागली म्हणून फोटो टाकतात, आणि पंधरा दिवसांनी ती वाळलेली असते. काडीत साठलेल्या अन्नावर पान फुटतं, त्याचा मुळाशी संबंध नाही. मग उपटून बघायचं का? नाही, कारण नुकतंच आलेलं मूळ त्यातच तुटतं. मातीच्या कपाची मजा हीच आहे, मुळं भिंतीपर्यंत पोहोचली की कपाच्या बाहेरच्या अंगाला पांढरी टोकं डोकावतात, आणि हवा लागली की थांबतात, मागून नव्या मुळ्या फुटतात. पॉलिथिनच्या पिशवीत तेच मूळ तळाशी गोल गोल फिरत बसतं. पांढरी टोकं दिसली की कप भिजवायचा, वरचा काठ मोडायचा, बूड थोडं चेपायचं आणि सगळंच्या सगळं जमिनीत. पानओव्याला, तुळशीला दोन आठवडे पुरतात, जास्वंदाला महिना-सव्वा महिना, बोगनवेल त्याहून जास्त वेळ घेते.

सगळंच काडीवर येतं असंही नाही. संत्र्याची काडी मागू नका, आपल्या संत्र्याला जंबेरी नावाच्या लिंबाच्या खुंटावर डोळा भरतात, म्हणजे कलम करतात. गोडनिंब (कढीपत्ता) बियांवर नाहीतर बुडातून फुटलेल्या पिलावर सोपा. चाफ्याची काडी मात्र लागते, पण तोडल्यावर चीक वाळेपर्यंत काही दिवस सावलीत ठेवावी लागते. डाळिंब, अंजीर लागतात. शेवग्याची तर मनगटाएवढी फांदी सरळ जमिनीतच रोवतात, त्याला कपाची भानगड नाही.

म्हणून छाटणीचं काम ज्यांच्याकडे आहे त्यांना आणि कॉलनीच्या सोसायट्यांना विनंती, की छाटणी झाली की चांगल्या काड्या त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गेटजवळ ओल्या पोत्याखाली ठेवाव्या, ज्याला पाहिजे तो नेईल, उरलेलं दुसऱ्या दिवशी ट्रॉलीत. खर्च एका पोत्याचा. आदल्या दिवशी तुमच्या पेपरात कोणत्या भागात छाटणी आहे त्याची एक ओळ आली तर लोक पिशव्या घेऊन येतील, मी तर नक्कीच येईन. फक्त कन्हेरीच्या काड्या वेगळ्या ठेवा आणि वर लिहा, ती विषारी असते, आणि काड्या न्यायला लहान पोट्टेही येतील.

आपली रोजची वाचक,
मानेवाडा, नागपूर