अंतराळातल्या सौर विजेसाठी हक्काचा निधी हवा

महोदय,
आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनेल आहेत. एप्रिलात सौर विजेचा मीटर पळतो. आषाढात झड लागली की पॅनेलवरून नुसतं पाणी निथळतं आणि वीज जेमतेम जिन्यातल्या दिव्यांपुरती. सुमारे ३६ हजार किलोमीटरवरच्या भूस्थिर कक्षेत, म्हणजे जिथला उपग्रह पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसतो तिथे, ढग नाहीत, रात्रही जवळपास नाही. तिथे पॅनेल लावून मिळणारी वीज सूक्ष्मलहरींनी (मायक्रोवेव्ह) जमिनीवर आणण्याची कल्पना अमेरिकी अभियंते पीटर ग्लेझर यांनी १९६८ मध्येच मांडली. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक या विज्ञानसंस्थेच्या उपकरणाने अंतराळात बिनतारी वीज पाठवून दाखवली; अगदी थोडी, पण दाखवली!

अंतराळात वीजघर उद्याच उभारा, असं मी म्हणत नाही. तो खर्च आज झेपणारा नाही. पण खोडदची ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आणि आदित्य-एल१ या भारतीय सौरयानावरची सूर्यदुर्बीण घडवणारी आयुका ही खगोलसंशोधन संस्था, दोन्ही पुणे जिल्ह्यातच आहेत; म्हणजे अशा कामाची जाण इथेच आहे. केंद्राने निदान दहा वर्षांचा आराखडा आखून आधी जमिनीवरच्या प्रयोगांना पैसे द्यावेत. वीज आणणाऱ्या सूक्ष्मलहरींचा खोडदच्या दुर्बिणीला त्रास होणार नाही ना, हेही पहिल्या दिवसापासून तपासावं. दरवर्षी नव्याने हात पसरावे लागले, तर तरुण संशोधक या कामात टिकायचे नाहीत.

– एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे