दत्ता, आरोग्य विम्याच्या फॉर्मवर सही करण्याआधी

सांगली,
१६ जानेवारी २०२६

प्रिय दत्ता,

वहिनींनी पाठवलेला तिळगूळ पोचला. तुला गोड बंद आहे, त्यामुळे तुझ्या वाटणीचाही मीच संपवला.

फोनवरच बोलणार होतो, पण फोनवर तू ‘हो हो, कळलं’ म्हणतोस आणि करतोस शेवटी तुझ्या साडूंनी सांगितलेलंच. म्हणून लिहायला बसलो. यार्डात नव्या हळदीची आवक अजून वाढलेली नाही, दुपारनंतर अडतीवर माशा मारायच्या, तेवढी सवड आहे.

साडू म्हणतात, फॉर्ममध्ये शुगर लिहू नका, हप्ता वाढेल, आणि पाच वर्षं काढली की कंपनी काही विचारू शकत नाही. यातली पाच वर्षांची गोष्ट खरी आहे. पूर्वी आठ वर्षं होती, २०२४ पासून पाच केली. सलग साठ महिने हप्ते भरले की ‘तुम्ही हा आजार लपवला होता’ म्हणून क्लेम नाकारता येत नाही. पण त्याच नियमात पुढे आहे की फसवणूक सिद्ध झाली तर हे संरक्षण नाही. तू सात वर्षं शुगरची गोळी घेतोस, डॉक्टरांच्या फाइलवर तारखेसकट आहे. आणि त्या पाच वर्षांच्या आत काही झालं तर? पन्नाशी आलीय लेका. हॉस्पिटलात गेल्यावर पहिला प्रश्नच ‘शुगर आहे का, किती वर्षं?’ हा असतो, आणि वहिनी खरं सांगणार. सांगायलाच हवं, तिथं खोटं बोललं तर जिवाशी खेळ. ते केसपेपरवर उतरतं आणि तोच कागद कंपनीकडे जातो.

आता खरं लिहिलंस तर काय होईल ते बघ. आधीपासूनच्या आजारासाठी कंपनी थांबायला लावते. ती मुदत पूर्वी चार वर्षांपर्यंत असायची, १ एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त तीन. म्हणजे त्रेपन्नाव्या वर्षी तू शुगरसकट पूर्ण विम्यात. आणि पैशाचं म्हणशील तर तूच पाठवलेले आकडे घेतो: शुगर न लिहिता २४ हजार, लिहून २८ हजार. हाच २४ हजारांचा हप्ता २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी भरला असतास तर वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,३२० रुपये. एकूण २८,३२०. आता घरगुती आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झालाय. तेव्हा खोटं बोलून जेवढ्याला पडलं असतं, त्याहून ३२० रुपये कमीत आज खरं बोलून होतंय. साडूंना एवढं गणित घाल. (जीएसटी गेला म्हणून हप्ता असाच राहील असं मात्र धरू नकोस. कंपन्यांना स्वतःच्या खर्चावर भरलेला कर आता वळता करून घेता येत नाही, तो कुठून तरी काढतीलच.)

माझी चूक सांगतो, ती तू करू नकोस. आण्णांची पॉलिसी तीन लाखांची, बारा वर्षं जुनी. गेल्या उन्हाळ्यात मिरजेला प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. बिल १ लाख ७० हजार. मी निवांत, तीन लाखांत बसतंय. हातात आले १ लाख २२ हजार. पॉलिसीत एक ओळ होती: खोलीभाडं विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजार. आम्ही घेतली पाच हजारांची खोली, कारण आण्णांना जनरलमध्ये झोप लागत नाही. मला वाटलं, पाच दिवसांचे वरचे दहा हजार खिशातून जातील, जाऊ देत. पण तसं नसतं. खोली पॉलिसीतल्या मर्यादेपेक्षा वरची घेतली की सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळं त्याच प्रमाणात कापतात. पाचाला तीन म्हणजे साठ टक्केच मिळतात. या सगळ्याचे मिळून ८० हजार होते, त्यातले ३२ हजार असे गेले. औषधं आणि तपासण्यांना ही कात्री लावता येत नाही, तेवढं वाचलं. हातमोजे, मास्क वगैरेंचे सहा हजार वेगळे गेले. बेरीज कर, ४८ हजार होतात. भांडायला जागाच नव्हती, ओळ छापलेली होती. बारा वर्षांत मी ती एकदाही वाचली नव्हती, आणि अडतीवर मात्र पोत्यामागं अर्ध्या किलोच्या तुटीवरून भांडतो.

एका बाबतीत तेवढा जिंकलो. डिस्चार्जची मंजुरी कंपनीने तीन तासांत द्यायची असा २०२४ चा नियम आहे. आमचे कागद सकाळी अकराला गेले, मंजुरी आली साडेपाचला, आणि हॉस्पिटलने सहाव्या दिवसाचं भाडं लावलं. उशीर कंपनीचा असेल तर हा वाढीव खर्च तिनेच सोसायचा. मी नियमाचा छापील कागद खिडकीवर ठेवला. आतली मुलगी म्हणाली, ‘काका, नियम तुम्हाला माहितीये, सिस्टिमला माहीत नाही.’ तासाभराने ते भाडं बिलातून निघालं.

तेव्हा तू खोलीभाड्याला मर्यादा नसलेलीच पॉलिसी घे, दोन हजार जास्त गेले तरी. ‘को-पे’ असा शब्द दिसला तर त्यापुढचा टक्का बघ, तेवढा वाटा प्रत्येक क्लेममध्ये तुझा. मोतीबिंदू, हर्निया, मुतखडा यांना बहुतेक ठिकाणी दोन वर्षं थांबावं लागतं. अपघात सोडला तर पहिले तीस दिवस काहीच मिळत नाही. हे सगळं दोन-तीन पानी माहितीपत्रकात असतं, साडू त्याला सीआयएस म्हणत असतील. ते मराठीत माग. पॉलिसी हातात आल्यावर तीस दिवसांत परत करता येते, किरकोळ कापून पैसे मिळतात. त्या तीस दिवसांत एक रविवार काढून ती वाच.

काकूंना तुमच्या फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्या घराच्या एकत्र पॉलिसीत, घालू नकोस. हप्ता घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, त्या ७२ च्या, सगळ्यांचाच फुगेल. त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढ. सत्तरीपुढच्यांना उत्पन्न न बघता वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत, आधार कार्ड पुरतं. आम्ही आण्णांचं काढलं, पण ऑपरेशन झाल्यावर. आमच्या घरात शहाणपण असंच मागनं येतं. शिवाय रेशन कार्डावर महात्मा फुले योजना आहेच, तीही आता पाच लाखांची. पण दोन्ही ठरावीक हॉस्पिटलांत आणि ठरावीक उपचारांनाच चालतात, म्हणून तुझी स्वतःची पॉलिसी हवीच. दुकान तू एकटा ओढतोस, तू आठ दिवस आडवा पडलास तर शटर कोण उघडणार?

फॉर्म भरून झाला की सही करण्याआधी आजारांच्या रकान्याचा फोटो मला पाठव. साडू रागावले तर माझं नाव पुढे कर, माझ्यावर ते तसेही तुझ्या लग्नापासून रागावलेलेच आहेत.

आण्णा बरे आहेत, सकाळी गणपतीपर्यंत चालत जातात. तुझी आठवण काढतात. महिनाअखेरीला ये. येताना साताऱ्याचे कंदी पेढे आण, अर्धा किलो. डबा उघडू नकोस. इथनं जाताना तुला भडंग देतो.

तुझा,
सुऱ्या