आधी पाळणाघरे काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महिला रोजगारावरचा कालचा लेख वाचून राहवले नाही. शिवणाची आणखी प्रशिक्षण केंद्रे काढली की इंदुरातल्या बायका कामाला लागतील, असे लेखकाला वाटते. परदेशीपुऱ्याच्या रेडिमेड कॉम्प्लेक्समध्ये, म्हणजे तयार कपड्यांच्या कारखान्यांत, कुणालाही विचारा. ओव्हरलॉक (कापडाच्या कडा शिवायचे मशीन) सफाईने चालवणाऱ्या, कॉलर बसवणाऱ्या बायका आहेत की! बाळंतपणाला गेल्या की परत येत नाहीत, कारण मूल ठेवायला जागा नसते.

पगारी रजा 26 आठवड्यांची. त्यातले 8 आधीच घेतले तर बाळंतपणानंतर उरतात 18. म्हणजे आई मशीनवर परतते तेव्हा बाळ जेमतेम चार महिन्यांचे असते. केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत मात्र पाळणाघर सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. मधले दोन महिने बाळाने राहायचे कुठे? घरात सासू किंवा आई असली तर निभावते, नाहीतर नोकरी सुटते.

50 कर्मचारी असले की पाळणाघर बंधनकारक, आणि ते 50 बायका-पुरुष सगळे मिळून. "आमच्याकडे बायका तीसच" हे मालकाचे उत्तर कुणी ऐकून घेऊ नये. ठेकेदाराकडच्या आणि रोजंदारीवरच्या बायकांची मुलेही त्यात येतात.

एका कारखान्यात पाळणाघर म्हणून जी खोली दाखवतात ती दुसऱ्या मजल्यावर आहे. आत दोन पाळणे, पाळण्यांत धाग्याच्या कोनांची खोकी, दाराला कुलूप. तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित बाई हवी. तिथे झाडूवालीकडे किल्ली असते.

दिवसातून चार वेळा बाळाकडे जायचा हक्क कायद्याने दिला आहे. पण मजुरी नगावर! दूध पाजून यायला वीस मिनिटे लागली की तिच्यापुढे बंडले साचतात, पुढची कफवाली खोळंबते, सुपरवायझर ओरडतो आणि आठवड्याच्या हिशेबात पैसे कापले जातात. मग ती जाणेच बंद करते आणि दूध आटते. शिलाईच्या प्रत्येक लाइनला कुठल्याही मशीनवर बसू शकेल अशी एक जादा कारागीर ठेवावी आणि त्या वेळेची मजुरी बाईच्या रोजच्या सरासरी नगांवर द्यावी. एवढे केले तरी निम्म्या बायका टिकतील, असे मी खात्रीने सांगते. लहान युनिटांना मिळून सामाईक पाळणाघर काढता येते, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत तशी सोय आहे. ते तळमजल्यावर हवे, कारखान्यापासून 500 मीटरच्या आत हवे आणि शिफ्ट सुटल्यावरही अर्धा तास उघडे हवे. पाचला कुलूप आणि शिफ्ट सहाला सुटणार, तर काय उपयोग?

आणखी एक. तुमच्याच छोट्या जाहिरातींत "शिलाईसाठी फक्त अविवाहित मुली पाहिजेत" असे सर्रास छापून येते. ते कृपया बंद करा.

एक शिवण-प्रशिक्षिका,
सुदामानगर, इंदूर