एकाच पाकिटात दोन वेगवेगळ्या रबरांचे टायर : बदलून मिळण्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : आरसी (रिमोट कंट्रोलवर चालणाऱ्या छोट्या) ट्रकच्या टायरवरील चुकीचा छापा आणि बंद केलेली तक्रार पुन्हा उघडण्याबाबत

महोदय,

तुमच्या संकेतस्थळावरून मी १/१० स्केलच्या (खऱ्याच्या एक दशांश आकाराच्या) टू-व्हील ड्राइव्ह शॉर्ट कोर्स, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर पळवायच्या, ट्रकसाठी मागच्या टायरच्या दोन जोड्या मागवल्या. दोन्ही पाकिटांवर ‘सॉफ्ट’ (मऊ रबर) असं ठळक छापलेलं आहे. पहिल्या पाकिटातला एक टायर खरोखर सॉफ्ट निघाला, दुसरा निघाला नाही. दुसरं पाकीट मी अजून फोडलेलं नाही, पण त्यातल्या दोन टायरच्या कडेवर वेगवेगळ्या खुणा आहेत हे पारदर्शक प्लास्टिकमधूनही स्पष्ट दिसतं. तुमच्या ग्राहक सेवेने “टायर रिमला चिकटवलेले आहेत, परत घेता येणार नाहीत” असं एका ओळीत उत्तर देऊन माझी तक्रार बंद केली. हे मला मान्य नाही.

दोष लक्षात कसा आला ते सांगतो. पहिली जोडी बसवून ट्रक ट्रॅकवर उतरवला तेव्हा उजव्या वळणाला तो रुळावर असल्यासारखा वळत होता, आणि डाव्या वळणाला ॲक्सिलरेटर दिला रे दिला की मागचा भाग बाहेर फेकला जायचा. सस्पेन्शन तपासलं, मागचा डिफरन्शियल उघडून पाहिला, कुठे काही नव्हतं. मग मागची दोन चाकं आपसात बदलली. तुमच्या या टायरच्या पिना (पृष्ठभागावरचे रबराचे खुंट) चौकोनी आहेत, त्यांना फिरण्याची दिशा नसते, त्यामुळे असं बदलायला काही हरकत नाही. बदलल्याबरोबर खोड उलटली. आता डावीकडे ट्रक चिकटून वळायचा आणि उजवीकडे घसरायचा. वळणात भार बाहेरच्या चाकावर येतो, म्हणजे जो टायर बाहेरच्या बाजूला आला की ट्रक घसरतो, दोष त्या टायरमध्येच.

पिना अंगठ्याने दाबून पाहिल्या तर हातालाही फरक कळतो. एका टायरची पिन दाबली की आडवी पडते आणि सोडल्यावर सावकाश उभी राहते. दुसऱ्याची मुळात वाकायलाच तयार नसते, सोडली की टणकन सरळ. माझा एक मित्र वाळूजला रबराचे पार्ट बनवणाऱ्या युनिटमध्ये क्वालिटी विभागात आहे. त्याच्याकडच्या शोअर ए मीटरने (रबराचा कडकपणा मोजायचं यंत्र) दोन्ही टायर मधोमध, एकाच जागी, आत एकाच प्रकारचा फोम (हवेऐवजी भरायचा स्पंज) असताना मोजले. दहा अंकांहून जास्त फरक आला. त्याचे फोटो जोडले आहेत.

तुमच्या प्रतिनिधीने फोनवर असंही ऐकवलं की हे डर्ट टायर आहेत, मातीवर कुठेही चालतात, एवढ्या तेवढ्या फरकाने काही होत नाही. साहेब, माती सगळीकडे एक नसते. आमचा ट्रॅक जालन्याबाहेर एका पडीक रानात आहे. खाली काळी माती, वर मुरूम पसरून दाबलेला. सकाळी पाणी मारून घट्ट केलेल्या भागावर बारीक, जवळजवळ पिना चालतात, कारण जमिनीला जास्तीत जास्त रबर टेकायला हवं. दुपारी तोच भाग वाळून वर धुरळा बसतो, मग लांब पिना लागतात. धुरळ्यातून खालच्या कडक थरापर्यंत पोचतात त्याच पकड देतात. मुरूम म्हणजे झिजलेला बेसॉल्ट, त्याचे कण धारदार असतात आणि मऊ रबर ते कानशीसारखं घासून काढतात. पावसाळ्यात मुरूम सरकून खालची काळी माती वर आली, तर ती ओली झाल्यावर फुगते, पिनांच्या फटीत गच्च भरते, आणि टायर गुळगुळीत गोळा होऊन जातो. तेव्हा दूरदूर पिना असलेलाच टायर माती झटकून टाकतो.

रबराचंही तेच. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४० च्या वर असतो. तापलेल्या जमिनीवर सॉफ्ट रबर अजून मऊ पडतं आणि पिनांचे कोपरे बघता बघता गोल होतात, म्हणून उन्हाळ्यात आम्ही मीडियम वापरतो. सॉफ्ट टायर आम्ही हिवाळ्यातल्या गार सकाळसाठी राखून ठेवतो, आणि मी हे टायर नेमके त्यासाठीच घेतले होते. सांगायचं कारण एवढंच की पाकिटावर जे छापलेलं असतं त्यावर आम्ही हंगामाची निवड करतो. इथे जवळपास असं दुकान नाही की टायर हातात घेऊन, दाबून बघावा. जालना, बीड, परभणीकडची कॉलेजची पोरं महिनोन्‌महिने पैसे साठवून एक जोडी मागवतात. त्यांच्यासाठी पाकिटावरचा शब्द हीच खात्री असते. तो शब्द खोटा निघाला तर पोरगं ट्रक नीट करण्यात रविवार घालवतं आणि चूक कुठे आहे हे त्याला कधीच सापडत नाही.

आता चिकटवण्याबद्दल. हे टायर न चिकटवता चालवताच येत नाहीत. कड स्पिरिटने पुसायची, फोम आत बसवायचा, कड रिमच्या खाचेत सगळीकडून नीट बसली की पातळ सुपरग्लू थेंबाथेंबाने सोडायचा, हे तुमच्याच पाकिटामागच्या चित्रात दाखवलंय. त्याशिवाय चाक वेगात फिरलं की टायर रिमवरून निघून जातो. म्हणजे दोष चिकटवल्यावरच कळणार, आणि चिकटवलं की तुम्ही परत घेणार नाही. मग दोषी माल कोणाच्याच हातून कधी परत येणार नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये स्वच्छ लिहिलंय की माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. त्याच नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं.

आणखी एक. दोन्ही पाकिटांवर निर्मितीचा महिना आणि वर्ष कुठेच नाही. वेष्टनबंद मालावर ते छापणं २०११ च्या लीगल मेट्रोलॉजी (पॅकेज्ड कमोडिटीज) नियमांनी सक्तीचं आहे, आणि रबराच्या बाबतीत तर ते फार महत्त्वाचं आहे. गरम गोदामात पडून राहिलेलं रबर कडक होत जातं.

माझी मागणी अशी : दोन्ही जोड्या तुमच्या खर्चाने परत न्याव्यात आणि त्याऐवजी दोन्ही टायर एकाच रबराचे असलेल्या दोन जोड्या पाठवाव्यात. पहिल्या जोडीसोबत माझी दोन रिम आणि फोम गेले, त्यांचीही भरपाई मिळावी, कारण टायर सोडवायचे तर ॲसिटोनमध्ये भिजवावे लागतात आणि प्लास्टिकचं रिम त्यातून धड निघेलच असं नाही. याच लॉटमधले टायर आणखी कोणाला गेले असतील तर त्यांना तुम्ही स्वतःहून कळवावं. या मागणीवर मी सगळ्यात जास्त अडून राहणार आहे.

या पत्राची पोच ४८ तासांत आणि निर्णय महिनाभरात मिळावा. नाही मिळाला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो तिथेच दाद मागता येते, म्हणून जालन्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. न फोडलेलं पाकीट तसंच जपून ठेवलं आहे, तुमच्या माणसाने येऊन पाहिलं तरी चालेल. बिल, दोन्ही पाकिटांचे फोटो, मीटरच्या रीडिंगचे फोटो आणि चाकं बदलण्याआधीचा व नंतरचा व्हिडिओ सोबत पाठवत आहे.

आपला,
एक ग्राहक, जालना