स्नेप सरांची तक्रार करणार कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'हॅरी पॉटर'मधल्या प्रोफेसर स्नेप यांचा विषय निघाला की त्यांचं हॅरीच्या आईवरचं प्रेम आणि शेवटचा त्याग यावरच सगळे गहिवरतात. अ‍ॅलन रिकमनने पडद्यावर तो माणूस उभा केलाही तसाच. पण जादूचे काढे शिकवणारे वर्गातले स्नेप आठवून पाहा. तिसऱ्या भागात (१९९९) दुसरे शिक्षक ल्युपिन सर हॅरीच्या वर्गातल्या नेव्हिलला विचारतात, तुला सगळ्यांत जास्त भीती कशाची? तो स्नेप सरांचं नाव घेतो. ज्यांनी छळ करून त्याच्या आईवडिलांना कायमचं वेड लावलं, त्यांचं नाही! त्याचा काढा फसला असेल तर त्याचाच पाळलेला बेडूक मरणार, हे सांगून सर तो काढा बेडकाला पाजतात. बेडूक वाचतो, तर हर्मायनीने मदत केली म्हणून गुण कापतात. स्वतःच्या स्लिदरिन गटाच्या मुलांना मात्र सगळं माफ.

हे काही लपूनछपून चालत नव्हतं. ल्युपिन सरांच्या देखत नेव्हिलचा पाणउतारा होतो. ते त्याची बाजू घेतात, पण गोष्ट तिथेच थांबते. मुख्याध्यापक डम्बलडोर यांना स्नेप हेर म्हणून हवे असतात. पाचव्या भागात तर सरकारी तपासणीही होते. शिक्षा म्हणून मुलांच्या हातातून रक्त काढणाऱ्या अम्ब्रिजबाई तपासायला येतात आणि वर्ग बराच पुढे आहे म्हणतात. पोर्शन पुढे गेला की झालं! त्याच वर्षी काढ्यांच्या परीक्षेला स्नेप हजर नसतात, तेव्हा नेव्हिल कधी नव्हे इतका खुशीत दिसतो. तपासणीत हे कुठे नोंदवणार?

बरं, हॉगवर्ट्सला, म्हणजे या जादूच्या शाळेला, नियामक मंडळ आहे. हॅग्रिडच्या तासाला एका प्राण्याकडून मॅल्फॉयच्या मुलाला जखम होते, त्याचा वजनदार बाप तक्रार करतो, सुनावणी होते आणि त्या प्राण्याला मृत्युदंड सुनावला जातो. म्हणजे यंत्रणा हलते, फक्त कुणासाठी ते बघायचं. स्नेप यांच्या तडाख्यात सापडलेली मुलं कोण? हॅरी अनाथ, मावशीच्या घरी नकोसा. नेव्हिलची आजी स्वतःच त्याला कमी लेखणारी. हर्मायनीचे आईवडील दातांचे डॉक्टर, पण जादू न येणारे; जादूगारांच्या जगात त्यांना विचारतो कोण? स्नेप यांचा राग कशाचाही असो, तो निर्धोक ठरला याचं कारण मला इथे दिसतं.

आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत, असंही कायदा सांगतो. पण बैठक कामाच्या दिवशी भर दुपारी ठेवली, तर ज्यांचा रोज बुडतो ते आईबाप कसे येणार? निदान ती रविवारी घ्यावी, आणि तक्रारपेटीची किल्ली एकट्या मुख्याध्यापकांकडे नसावी.

आपला,
एक पालक, ठाणे